डबा तोच, लॉट वेगळा

२०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीच्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्य घेतलं आणि इथे गोव्यात, फोंड्यात आमच्या दहा मीटरच्या एअर रायफल हॉलमध्येही नवी पोरं येऊ लागली. पहिल्या आठवड्यात ती उभं कसं राहायचं ते विचारतात. दुसऱ्या आठवड्यात हमखास प्रश्न येतो, "दादा, पेलेटचा कुठला लॉट चांगला?" पेलेट म्हणजे एअर रायफलची शिशाची बारीक गोळी, आणि लॉट म्हणजे कारखान्यातून एका खेपेत निघालेला माल.

मी नेमबाज म्हणून बेताचाच. आयटीआयला फिटर केलं, वेर्ण्याला कारखान्यात लागलो आणि संध्याकाळी हॉलमधल्या रायफलींची देखभाल करता करता लॉट तपासायचं काम अंगावर आलं. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, धरता येत होता, एवढीच पात्रता.

डब्यावर नाव तेच, वजन तेच ०.५३ ग्रॅम, पेलेटच्या डोक्याचं, म्हणजे पुढच्या टोकाचं, माप तेच ४.५० मिलिमीटर, तरी लॉट बदलला की बंदूक वेगळी वागू शकते. पेलेट शिशाच्या तारेपासून साच्यात दाबून बनतो. साचा झिजतो, बदलला जातो, आणि प्रत्येक नळीला थोडं वेगळं माप मानवतं. परदेशात स्वतःची काडतुसं भरणारे लोक पावडरबद्दल हेच सांगतात. तेच नाव, नवा लॉट, जळायचा वेग किंचित वेगळा. म्हणून ते पावडरचं जुनं प्रमाण डोळे झाकून वापरत नाहीत, खालून सुरुवात करून पुन्हा मोजतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ५ मध्ये अडकतं, त्यामुळे तो प्रयोग विसरा. ०.२२ इंची रायफलचं काडतूस तर तसंही पुन्हा भरण्यासारखं नसतं, ठिणगीचा मसाला त्याच्या कडेतच असतो. त्यामुळे ०.२२ वाले तयार माल तपासून घेतात. एली, लापुआ या काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रांवर लोक स्वतःची रायफल घेऊन जातात आणि तिला मानवणारा लॉट उचलतात.

आता माझी फजिती. सुरुवातीला दोन डबे आणले, रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीत, रबर लावून आवळली आणि प्रत्येकी पाच पेलेट मारले. पहिल्या लॉटचा ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा पुंजका, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ५.४ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६.६. पेलेटची रुंदी ४.५ वजा केली की खरा पसारा मिळतो, म्हणजे ०.९ आणि २.१. दुपटीहून जास्त फरक! मी सरांना सांगून पहिल्या लॉटचे बारा डबे मागवले. पुढे चवथीच्या सुट्टीत वेळ होता म्हणून नीट बसलो, प्रत्येकाचे पाच-पाचचे सहा ग्रुप घेतले. सरासरी पहिल्याची ६.३, दुसऱ्याची ६.२. मी फरक पाहिलाच नव्हता, नशिबाचा एक फटका पाहिला होता. त्याच दिवशी तिसरा लॉट मात्र ७.४ वर गेला आणि सहाही ग्रुपांत मागेच राहिला. तो बाद. पहिल्या दोघांपेक्षा त्याच्या सगळ्यात बाहेरच्या पेलेटला ढोबळमानानं दोन दशांश गुण कमी पडणार, कारण पसाऱ्यातला सव्वाएक मिलिमीटरच्या आतला फरक मध्यापासून मोजला की निम्माच उरतो, आणि दहा मीटरच्या टार्गेटवर एक दशांश म्हणजे ०.२५ मिलिमीटर.

तेव्हापासूनची माझी पद्धत साधी आहे. सगळे लॉट एकाच बैठकीत. अ चे सगळे, मग ब चे सगळे असं करायचं नाही. अ, ब, क, मग क, ब, अ अशी फेरी लावायची, म्हणजे सिलिंडरमधली हवा उतरली किंवा दुपारी हॉल तापला तरी झळ सगळ्यांना सारखी बसते. लॉट बदलला की पहिले दोन-तीन पेलेट बाजूला मारायचे, मोजायचे नाहीत. आणि डब्यांवर कागद चिकटवून अक्षरं दुसऱ्यानं लिहायची. माझी ताई लिहिते. महागडा डबा कुठला ते कळलं की व्हर्नियर आपोआप जरा घट्ट दाबला जातो, हे मी स्वतःच्या अंगठ्यावर पाहिलंय.

गोव्यातल्यांसाठी एक जादा गोष्ट. जूनमध्ये आम्ही डबे नव्या प्लायवूडच्या कपाटात ठेवले. सप्टेंबरात उघडले तर पेलेटवर पांढरी भुकटी, पीठ लावल्यासारखी. दमट हवा होतीच, पण प्लायवूडमधून निघणारी आम्लाची वाफ शिशाला खाते. ते पेलेट लॉट म्हणून तपासण्यात अर्थच उरला नव्हता. आता सगळं स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात असतं, आत सिलिका जेलच्या पुड्या. आणि पेलेट हाताळून झाले की साबणानं हात धुतल्याशिवाय पातळभाजी-पावाला हात लावायचा नाही. शिसं आहे ते.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. नवीन असाल तर लॉट तपासूच नका. पसारे सरळ बेरजेनं वाढत नाहीत, वर्गांच्या बेरजेनं वाढतात. खांद्यावरून तुमचा स्वतःचा पसारा २० मिलिमीटर असेल, तर २ मिलिमीटरच्या पेलेटनं तो २०.१ होतो आणि ३ मिलिमीटरच्यानं २०.२. एवढ्यासाठी व्हाइस कशाला? डोक्याचं माप एकदा ठरवा आणि स्वस्तात मिळेल तो बऱ्यापैकी डबा घ्या. सरळ उभं राहायला शिकण्यात जाणारे सहा महिने कुठलाही लॉट वाचवत नाही. स्कोअर स्थिरावला, साठ पेलेटच्या मॅचमध्ये ६१५-६२० येऊ लागले, की मग माझ्याकडे या. त्या टप्प्यावर दोन-तीन दशांशांवरून नंबर खाली-वर होतो आणि चाचणीचे पैसे वसूल होतात.

मागच्या महिन्यात डिचोलीची एक मुलगी तीन डबे घेऊन आली, स्कोअर ६१८. दुपारभर ९० पेलेट मारले. ब आणि क मध्ये फरक निघाला नाही, अ मागे. तिनं कागद सोलून पाहिले तर अ सगळ्यात महागडा. थोडा वेळ ती डब्याकडेच बघत राहिली, मग म्हणाली, "दादा, हा कोणी विकत घेईल का?"