वापरलेली अलॉय व्हील बसवल्यावर स्टिअरिंग थरथरतंय? हब तपासा

टायरसकट वापरलेली अलॉय व्हील बसवली आणि ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागलं. बॅलन्सिंग, अलाइनमेंट, पुढची चाकं मागे, फरक शून्य. डोकं फिरायची पाळी आली. (अलाइनमेंट बिघडली की गाडी सहसा एका बाजूला ओढते, थरथरत नाही.)

व्हीलचं मधलं भोक हबपेक्षा (गाडीचा ज्या गोल भागावर चाक बसतं तो) मोठं निघालं, म्हणून गाडीवर चाक नेमकं मध्यावर बसत नव्हतं. बॅलन्सिंग मशीनवरचा शंकू चाक मध्यावर धरतो, म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं.

आधी हबवरचा गंज वायर ब्रशने काढला. हब आणि भोक व्हर्नियरने मोजून त्या मापाच्या हब रिंग (मधली फट भरणाऱ्या कड्या) बसवल्या. चाक हवेत असतानाच नट हाताने लावले, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. गाडी खाली टेकवल्यावर टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. थरथर गेली. ५०-१०० किमीनंतर नट पुन्हा तपासायचे.