किनाऱ्याला कासव किंवा डॉल्फिन लागलं, तर काय करायचं?

पावसाळ्यात कोकणात सकाळी किनाऱ्यावर फेरी मारली, तर चपला, बाटल्या आणि थर्माकोलच्या ओळीत कधीतरी कासव पडलेलं दिसतं. पाठीवर शेवाळ, पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला हिरव्या नायलॉनचा दोरा मांसात रुतलेला, डोळ्यांतून घट्ट पाणी. ते रडतंय असं वाटतं. रडत नसतं, अंगातलं जास्तीचं मीठ ते डोळ्यांवाटे टाकतं. बघणाऱ्याच्या मनात मात्र लगेच येतं, उचलू आणि पाण्यात सोडू.

नेमकं तेच करू नका. कासवाला फुप्फुसं असतात, श्वासासाठी त्याला वर यावं लागतं. त्राण नसलेलं कासव लाटांत सोडलं तर ते बुडतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावाच्या किनाऱ्याला लागतं.

आधी दहा-पंधरा पावलांवर थांबून बघा. नोव्हेंबर ते मार्च या काळात, रात्रीच्या वेळी धडधाकट कासव वाळू चढत असेल, तर ती अंडी घालायला आलेली मादी आहे. बॅटरी विझवा, गप्प बसा, तिचं काम झालं की ती आपणहून जाईल. बाकी वेळी कासव निपचित पडलं असेल किंवा जखमी दिसत असेल, तर फोन करा.

महाराष्ट्रात वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे. लागली नाही तर ११२ वर पोलिसांना कळवा, ते निरोप पुढे पोचवतात. जवळच्या वनपालाचा नंबर सरपंचांकडे किंवा मच्छीमार सोसायटीत बहुधा असतो. तो आजच फोनमध्ये घालून ठेवा. गोव्यात असाल तर किनाऱ्यावरच्या जीवरक्षकालाही गाठा. सांगताना गावाचं नाव आणि नकाशावरचं ठिकाण, प्राणी जिवंत आहे का, लांबी साधारण किती, जाळं किंवा जखम दिसते का, आणि भरती चढतेय की उतरतेय, एवढं सांगा. भरतीचं सांगायला लोक विसरतात, आणि पथकाच्या हाताशी वेळ किती, हे तर त्यावरच ठरतं.

पथक येईपर्यंत राखण तुमची. कुत्री हाकला, सेल्फीवाल्यांना हटवा. कासवावर सावली धरा, पाठीवर ओलं फडकं टाका. नाक-डोळे मोकळे ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, बादलीत बुडवू नका, उलटं करू नका. हलवावंच लागलं तर दोघांनी कवचाच्या दोन्ही कडांना धरून, पायांना धरून नाही. सैल जाळं कापायला हरकत नाही. रुतलेला दोरा आणि तोंडातला गळ मात्र डॉक्टरांसाठी तसाच ठेवा.

डॉल्फिनची, म्हणजे आपल्या गाद्याची, गोष्ट वेगळी. त्याचं श्वासाचं भोक डोक्यावर असतं. त्यात वाळू किंवा पाणी गेलं की संपलं. त्याला पोटावर, सरळ ठेवा. छातीकडच्या परांखाली हातांनी छोटे खड्डे करा, म्हणजे त्यांवर भार येत नाही. भोक सोडून अंगावर ओल्या चादरी घाला, पाणी शिंपडत राहा. शेपटीला धरून ओढू नका, शेपटीच्या टप्प्यात उभेही राहू नका. आवाज कमी.

देवमासा असेल तर हात लावायच्या भानगडीत पडूच नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं होतं. सुमारे चाळीस तास खटपट करून, बोटीने ओढून त्याला खोल पाण्यात सोडलं, आणि थोड्याच दिवसांत ते मेलेलं किनाऱ्याला आलं. हे निव्वळ जोर लावून सुटणारं काम नाही.

मच्छीमारांसाठी एक खास गोष्ट. जाळ्यात आलेलं कासव हालचाल करत नाही म्हणून मेलं समजू नका. पाण्याने कोंडलेलं असतं. पोटावर ठेवून मागची बाजू वीतभर उंच करा, अंग ओलं ठेवा, काही तास वाट बघा. अनेकदा ते शुद्धीवर येतं. संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलंत तर राज्य सरकारची २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देणारी योजना २०१८ पासून आहे. त्यासाठी जाळं कापतानाचे फोटो किंवा व्हिडिओ काढून ठेवा.

समुद्रसाप दिसला तर फक्त लांब राहा. तो विषारी असतो, वाळूवर गलितगात्र दिसला तरी.

मेलेला प्राणीही कळवा. कासव, डॉल्फिन, देवमासे यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. दात, कवच, हाडं घरी न्यायची नाहीत. उघड्या हातांनी शिवू नका, फुगलेल्या देवमाशाजवळ तर जाऊच नका, पोटात साठलेल्या वायूने तो फुटतो. लांबूनच वरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कासव असेल तर मापाचा अंदाज यावा म्हणून फोटोत शेजारी आपली चप्पल ठेवा.