जुन्या लॅपटॉपमध्ये मोठा एसएसडी कसा बसवायचा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क) घ्यायला जाण्याआधी आपल्या लॅपटॉपमध्ये काय बसतं ते बघा. मी उलटं केलं होतं. आधी माल आणला, मग झाकण उघडलं. आणलेला एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीचा) आणि स्लॉट निघाला फक्त साटाचा (जुन्या, हळू जोडणीचा). दोन्ही एम.२ कार्डं (पट्टीसारखी चपटी), दोन्ही २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. नुसतं बघून कळत नाही. साटाच्या कार्डाला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक. पण खाचांवर विसंबू नका, मॉडेल नंबर टाकून कंपनीचं मॅन्युअल वाचा. फिरती हार्डडिस्क असलेल्या जुन्या लॅपटॉपला २.५ इंची साटा एसएसडी लागतो. त्याचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या पुढं जात नाही, तरी हार्डडिस्कनंतर मशीन नवंच वाटतं.

सोबत यूएसबीची केबल किंवा केस घ्या. नवा एसएसडी त्यातून जोडायचा आणि जुन्या डिस्कचं क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करायचं. त्यासाठीचं क्लोनझिला हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्यात सोर्स (जुनी डिस्क) कुठला आणि टार्गेट (नवा एसएसडी) कुठला हे दोनदा वाचा. उलट झालं तर सगळा डेटा पुसला जातो. म्हणून फोटो, कागदपत्रं आधी पेनड्राइव्हवर काढा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर तो थांबवा आणि रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा नंबर, लिहून ठेवा. क्लोनला काही तास लागू शकतात, त्यामुळं चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली हवी. आपल्याकडं पावसाळ्यात लाइट कधी जाईल, काय सांगावं!

आता स्क्रू ड्रायव्हर. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, झाकण उघडल्यावर आधी बॅटरीची पिन सोडवा. हात एखाद्या धातूच्या वस्तूला लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, वाटीत एकत्र टाकू नका. कागदावर लॅपटॉपचा आकार काढून जागच्या जागी टोचा. एम.२ कार्ड तिरकं घालून खाली दाबायचं आणि स्क्रू लावायचा. जोर लागतोय म्हणजे काहीतरी चुकतंय.

पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली नको. विंडोज उघडलं की डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन रिकामी जागा सी ड्राइव्हला जोडा. मधे रिकव्हरीचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा राखलेला भाग) आडवं आलं तर जागा जोडायचा पर्याय फिका दिसतो. मग पार्टिशन हलवणारं सॉफ्टवेअर लागतं. आणि १ टीबीच्या जागी ९३१ जीबी दिसले म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं.

जुनी डिस्क महिनाभर तशीच ठेवा, पुसू नका.