खाऱ्या पाण्यातले स्पिनिंग रीळ : निगा आणि घरची दुरुस्ती

कोकणातल्या धक्क्यांवर, खडपांवर किंवा खाडीच्या मुखाशी गळ टाकणाऱ्यांच्या हाती आज बहुधा ३००० ते ५००० आकाराचे स्पिनिंग रीळ, म्हणजे काठीला लावून दोरी गुंडाळायचे यंत्र, असते. ही रिळे जिताड्याच्या किंवा तांबोशीच्या ओढीने क्वचितच निकामी होतात. त्यांचा घात करते ते आत सुकून बसलेले मीठ, आणि त्याहूनही अधिक, नको त्या जागी घातलेले नको ते तेल किंवा ग्रीस. त्यामुळे कुठे काय घालावे आणि कुठे काहीच घालू नये, हे समजले की घरच्या टेबलावर बरीच दुरुस्ती होऊ शकते.

रीळ उघडण्याआधी दोष कुठे आहे ते हाताने ओळखावे, कारण पुष्कळ तक्रारींसाठी रीळ पूर्ण खोलण्याची गरजच नसते. स्पूल (दोरी गुंडाळलेली फिरकी) काढून बाजूला ठेवावा, बेल (दोरी धरणारी तारेची कमान) मिटवावी आणि हँडल अगदी सावकाश फिरवावे. हँडलच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच आणि नेमक्या त्याच ठिकाणी बोटाला टोचल्यासारखे जाणवले, तर मुख्य गिअरच्या दातांकडे किंवा हँडलच्या बाजूच्या बेअरिंगकडे संशयाने पाहावे. रिळावर ५.२:१ असे गुणोत्तर छापलेले असेल, तर हँडलच्या एका फेऱ्यात रोटर (बेल धरून स्पूलभोवती फिरणारा भाग) पाच वेळा आणि वर थोडासा फिरतो. तेव्हा एका फेऱ्यात पाचएक झटके मोजता येत असतील, तर पिनियन (रोटर फिरवणारा छोटा गिअर) किंवा त्याला धरणारे बेअरिंग तपासावे. अडखळणे स्पूलचा दांडा वर-खाली जाण्याच्या टोकाशीच येत असेल, तर दांडा सरकवणाऱ्या भागातले ग्रीस सुकलेले असते. आणि रिकामे फिरवताना मऊ चालणारे रीळ दोरीला ओढ लागताच किरकिरू लागले, तर प्रथम लाईन रोलर, म्हणजे बेलच्या टोकाशी दोरी जिच्यावरून वळते ती छोटी चाकी, पाहावा.

खोलायचे ठरले तर साधने मोजकीच लागतात, पण ती योग्य हवीत. जपानी बनावटीच्या रिळांचे फुलीच्या खाचेचे स्क्रू बहुधा जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचे असतात. साधा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर त्या खाचेत पूर्ण बसत नाही आणि जोर दिला की निसटून खाच खातो. एकदा खाच गेली की पाच मिनिटांचे काम अख्ख्या दिवसाचे होते, म्हणून या एका साधनावर खर्च करण्यात काटकसर करू नये. टेबलावर पांढरे कापड अंथरावे, निघालेले भाग डावीकडून उजवीकडे क्रमाने ठेवावेत आणि प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो घ्यावा. रोटरचा नट सैल करण्याआधी त्याला अडवून ठेवणारी पट्टी आणि छोटा स्क्रू काढायला विसरू नये. काही रिळांत या नटाचे आटे उलटे असतात, त्यामुळे तो हलत नसेल तर पान्यावर वजन टाकण्याऐवजी आधी त्या मॉडेलची आकृती पाहावी.

सर्वांत जास्त लक्ष मुख्य गिअरच्या दोन्ही बाजूंच्या शिमांवर, म्हणजे अंतर भरून काढणाऱ्या पातळ चकत्यांवर, ठेवावे. या चकत्यांची जाडी मिलिमीटरच्या एका अंशाएवढी असते आणि ग्रीसमुळे त्या बेअरिंगला चिकटून बसतात. धुताना एखादी निसटली किंवा डावीकडची उजवीकडे गेली, की गिअरचे दात एकमेकांत नीट बसत नाहीत आणि स्वच्छ केलेले रीळ पूर्वीपेक्षा जास्त घरघरू लागते. दुरुस्तीनंतर बिघडलेल्या रिळांत हे कारण वारंवार आढळते.

जुने ग्रीस काढण्यासाठी रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाईन आणि जुना टूथब्रश पुरेसा होतो. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर प्लॅस्टिकचे भाग आणि रंग खातात, म्हणून ते वापरू नयेत. काम खिडकीजवळ आणि गॅसपासून दूर करावे. डब्ल्यूडी-४० सारख्या फवाऱ्याने पाणी हटते आणि गंज सैल होतो हे खरे, पण तो वंगण म्हणून गिअरमध्ये मारला तर असलेले ग्रीसही पातळ होऊन वाहून जाते.

आता वंगणाचा मुद्दा. गिअरच्या दातांना आणि दांडा सरकवणाऱ्या भागाला ग्रीस हवे, पण दातांच्या खाचांत पातळ थर दिसेल इतकेच. डबी रिकामी केल्याने गिअर जास्त टिकत नाहीत, फक्त हँडल जड होते. बेअरिंग, हँडलची मूठ आणि बेलचे सांधे यांना पातळ तेलाचा एकेक थेंब पुरतो. अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यात स्टीलचे स्क्रू खाऱ्या ओलाव्यात आतल्या आत गंजून जखडतात, म्हणून स्क्रू परत बसवताना आट्यांना ग्रीसचे बोट लावावे.

याला महत्त्वाचा अपवाद म्हणजे हँडल उलटे फिरू न देणारे अँटी-रिव्हर्स बेअरिंग. त्याच्या आत बारीक रोलर असतात आणि उलट दिशेने जोर येताच ते उतरत्या खोबणीत अडकून आतल्या नळीला धरतात. ही पकड घर्षणावर चालते. तिथे ग्रीस शिरले की रोलर घसरतात आणि मासा लागल्यावर झटका दिला की हँडल मागे सुटते. हा दोष असेल तर बेअरिंग त्याच्या प्लॅस्टिकच्या चौकटीसह काढावे आणि चौकट न उघडता आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावे, कारण चौकट उघडली तर रोलर आणि त्यांच्या स्प्रिंगा उडून जातात. पूर्ण सुकल्यावर इअरबडला अत्यंत पातळ तेल लावून, ते टिपून, उरलेला ओलसरपणा तेवढा आत फिरवावा. नळी परत घालताना ती मोकळ्या दिशेने फिरवत सरकवावी, ठोकू नये. दाइवा कंपनीच्या ‘मॅगसील’ रिळांत मात्र चुंबकाने धरलेल्या तेलाची सील असते. तिथे द्रावण किंवा साधे तेल गेले तर ती सील निकामी होते, त्यामुळे अशी रिळे घरी न खोललेलीच बरी.

लाईन रोलर हा रिळाचा सर्वांत लहान आणि सर्वांत उपेक्षित भाग. भिजलेली दोरी सतत त्यावरून जाते, त्यामुळे मीठ तिथेच साचते. रोलर जाम झाला की वेणीची दोरी त्यावर घासून खाच पाडते आणि मग तीच खाच दोरी कापते. तपासणे सोपे आहे : बेल उघडण्याआधी दोरीचा तुकडा रोलरवरून ताणून ओढावा आणि रोलर दोरीबरोबर फिरतो की दोरी नुसती घसरते ते पाहावे. रोलर एका स्क्रूवर बसतो, पण त्याच्या आत बारीक चकत्या आणि बहुधा ४×७×२.५ मिलिमीटरचे एक बेअरिंग असते, म्हणून भाग निघतील त्याच क्रमाने चिमट्याने सुईवर ओवून ठेवावेत. बेअरिंग धुतल्यावर कोरडे असताना थोडे वाजतेच. पण तेल घातल्यावरही कण अडकल्यासारखे जाणवले तर ते बदलावे. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तीन मापे दिली की असे बेअरिंग मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात शोधता येते.

ड्रॅग म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरी तुटू न देता स्पूल सुटू देणारी व्यवस्था. त्याच्या चकत्या कार्बनच्या असतील तर साबणाच्या पाण्याने पुसून, सुकवून, ड्रॅगसाठीच्या ग्रीसचा पुसट थर द्यावा. साधे ग्रीस लावू नये. नमद्याच्या चकत्या दबून टणक झाल्या असतील तर नव्या घालाव्यात. जोडल्यावर अंदाजावर विसंबू नये : रीळ काठीवर चढवून दोरी स्प्रिंगच्या काट्याला बांधावी आणि दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ओढीला ड्रॅग सुटेल असा लावावा, म्हणजे १२ किलोच्या दोरीला ३ ते ४ किलो. ड्रॅग एकसारखा सुटला पाहिजे. तो अडकून मग एकदम सुटत असेल, तर तंगूस (नायलॉनची दोरी) तुटण्याचे कारण तिथेच आहे.

रोजची निगा थोडक्यात सांगता येते. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली रीळ धुवावे, कारण जोराचा फवारा मीठ आत ढकलतो आणि बादलीत बुडवल्याने पाणी बेअरिंगपर्यंत जाते. मग ते झटकून, पुसून, सावलीत सुकवावे आणि ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवावे.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते आणि खवळलेल्या समुद्रामुळे खडपांवर उभे राहणेही धोक्याचे असते. पूर्ण रीळ खोलण्यासाठी हाच काळ योग्य. लागणारे सुटे भाग मात्र मे महिन्यातच मागवावेत. बहुतेक रिळांच्या पायावर (काठीला बसणाऱ्या भागावर) मॉडेलचा क्रमांक असतो. त्यावरून कंपनीची आकृती मिळते आणि आकृतीतला भागाचा क्रमांक कळवला की विक्रेत्याला दुसरे काही विचारावे लागत नाही.