जुन्या स्पोर्टी गाडीचं वजन घरच्या घरी कसं उतरवावं

ठाण्यात आणि नवी मुंबईत अजूनही कित्येक सोसायट्यांच्या स्टिल्टखाली होंडा सिटी व्हीटेक, पॅलिओ १.६, आयकॉन किंवा लॅन्सर जिवापाड जपलेली दिसते. आहे त्या इंजिनातून जास्त ताकद काढायची तर खर्च लाखात जातो आणि इंजिनाचं आयुष्यही घटतं. वजन उतरवायला मात्र सॉकेटचा एक बरा सेट, थोडी चिकाटी आणि काही मोकळे रविवार पुरतात.

हिशोब साधा आहे. गाडी आणि चालक मिळून ११२० किलो आणि इंजिन १०० पीएसचं धरा (पीएस आणि बीएचपी ही अश्वशक्तीचीच मापं). दर टनामागे ताकद झाली साधारण ८९ पीएस. ६० किलो उतरवले की तीच ९४ पीएस होते. इंजिनाची ताकद फक्त पळताना कामी येते. कमी झालेलं वजन ब्रेक मारताना, वळण घेताना, माळशेजचा घाट चढताना आणि उतरतानाही कामी येतं. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने आयुष्यभर हलक्या गाड्यांचा ध्यास घेतला. त्याच्या पश्चात १९९६ साली आलेली लोटस एलिस जेमतेम सव्वासातशे किलोंची होती आणि ११८ बीएचपीच्या इंजिनावर तिने मोठमोठ्या गाड्यांना घाम फोडला.

आपली गाडी एलिस होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की वीस वर्षांत आपण गाडीवर जे चढवलं ते आधी उतरवा. कंपनीने दिलेल्या भागांना हात लावायचा विचार त्यानंतर. बहुतेक जण मागची सीट उपटून सुरुवात करतात आणि डिकीतला ॲम्प्लिफायर तसाच ठेवतात. हे उलटं आहे.

आधी काट्यावर न्या

वजन किती आहे हेच ठाऊक नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. आपल्याकडे ट्रकच्या वजनकाट्यांची कमी नाही. तुर्भे, कळंबोलीचा लोखंड बाजार, महापे, वागळे इस्टेट, कुठेही जा. गर्दी नसेल अशी वेळ निवडा, कारण तुम्हाला गाडी दोनदा तोलायची आहे. एकदा पूर्ण गाडी, आणि एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन. दोन्ही वेळा चालकाने खाली उतरायचं. टाकीत पेट्रोल किती आहे ते पावतीवरच लिहून ठेवा. पेट्रोल लिटरमागे पाऊण किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे ४५ लिटरची टाकी रिकामी की भरलेली यात ३३ किलोंचा फरक पडतो.

ट्रकच्या काट्यावर आकडा साधारण ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने बदलतो. म्हणून सुटे भाग तोलायला प्रवासी बॅगा तोलायचा ५० किलोपर्यंतचा डिजिटल हुकाचा काटा घ्या. निघालेला प्रत्येक भाग त्याला टांगायचा आणि वहीत नोंद करायची. ही वही फार उपयोगी पडते. कोणत्या कामात कष्ट जास्त आणि फायदा कमी, हे तीच दाखवते.

दुसऱ्या पावतीकडे नीट बघा. या गाड्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आहेत, त्यामुळे साठ टक्के किंवा त्याहून जास्त भार आधीच पुढच्या चाकांवर असतो. मागची सीट आणि स्टेपनी काढली की गाडी हलकी होते खरी, पण नाकाकडे आणखी झुकते, आणि जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं लवकर अडकतात. ओल्या रस्त्यावर हे जिवावर बेतू शकतं. दहा किलो पुढून निघाले तर ते मागून निघालेल्या दहा किलोंपेक्षा मोलाचे.

चढवलेलं उतरवा

डिकी पूर्ण रिकामी करा. सबवूफरचा एमडीएफचा खोका, ॲम्प्लिफायर आणि जाड वायरिंग मिळून पंधरा-वीस किलो सहज भरतात. जाड सीट कव्हरं आणि रबरी मॅटचे दोन-दोन थर काढून तोला, आकडा बघून थक्क व्हाल. दारांत आणि फरशीवर नंतर चिकटवून घेतलेली डॅम्पिंगची, म्हणजे आवाज आणि थरथर दाबणारी, शीटं असतील तर हिट गनने मऊ करून पत्र्याच्या खरवडणीने सोलता येतात. कंपनीने फरशीवर लावलेले डांबरी तुकडे मात्र राहू द्या. तिथून निघतं थोडंच, आणि घोडबंदर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्याला सायलेन्सरची धग आणि चाकांचा आवाज सोसवत नाही. काही जण सुका बर्फ टाकून ते तुकडे तडकवतात. सुक्या बर्फातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि खोलगट जागी साचतो, त्यामुळे बेसमेंटच्या पार्किंगमध्ये तो उद्योग चुकूनही करू नका.

पुढचा लोखंडी बंपर गार्ड पहिल्याच दिवशी काढा. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये असे गार्ड बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं आहे. वजन अगदी नाकावर असतं, शिवाय धडक बसली तर तो धक्का थेट चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पोचवतो आणि एअरबॅगच्या सेन्सरलाही फसवू शकतो.

जुन्या गाडीत कधीकाळी सीएनजी बसवला असेल तर सगळ्यात मोठा आकडा तिथे आहे. ६० लिटर पाणीक्षमतेचा पोलादी सिलिंडर रिकामाच साठ किलोंच्या पुढेमागे असतो. हे काम मात्र घरचं नाही. त्यात २०० बारपर्यंत दाब असतो. अधिकृत सीएनजी वर्कशॉपमधूनच तो उतरवून घ्या आणि आरसीवरची (नोंदणी प्रमाणपत्रावरची) इंधनाची नोंद बदलून घ्या. एमएच ०४ वाल्यांनी ठाण्याच्या, एमएच ४३ वाल्यांनी वाशीच्या आरटीओत.

गालिच्याखालचं पाणी

हा भाग कोकणपट्टीतल्या गाड्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात दुर्लक्षित.

दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी वर खेचून काढा आणि गालिचा कडेने उचला. त्याखाली चिंध्या दाबून केलेला करड्या रंगाचा नमदा असतो. वरून हात फिरवला तर गालिचा कोरडा लागतो. बोटं आत घालून नमदा दाबला की बोटांच्या फटींतून पाणी वर येतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि हा नमदा लिटरच्या लिटर पाणी महिनोन्‌महिने धरून बसतो. त्याखालचा पत्रा तेवढा काळ गंजत असतो.

पाणी कुठून आलं ते त्याच्याकडे पाहूनच बरंचसं कळतं. स्वच्छ आणि बिनवासाचं असेल, डाव्या पायदानातच असेल, तर एसीची निचरा नळी तुंबली आहे. मातकट असेल तर पावसाचं. हिरवट किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत आणि गोडूस वासाचं असेल तर हिटरचा रेडिएटर गळतो आहे, आणि ते काम आधी करायला हवं.

पावसाच्या पाण्याची वाट शोधायला पुढच्या काचेच्या बुडाशी, वायपरखालच्या जाळीवर तांब्याभर पाणी हळूहळू ओता. ते मडगार्डमागून सरळ जमिनीवर पडलं पाहिजे. गुलमोहराखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे पानांचा लगदा होऊन बसलेला असतो. जाळी काढून तो हाताने उपसा. दारांच्या खालच्या कडेला असलेली निचऱ्याची भोकंही प्लास्टिकच्या पट्टीने मोकळी करा. लोखंडी तार घातली तर रंग खरवडतो आणि गंज तिथूनच धरतो.

गालिचा पूर्ण काढायचा तर पुढच्या सीट उतरवाव्या लागतात. सीटखाली किंवा आसपास पिवळं कनेक्टर दिसलं तर ते एअरबॅगचं किंवा पट्टा ओढणाऱ्या यंत्रणेचं आहे. आधी बॅटरीची ऋण तार सोडा, दहा मिनिटं थांबा, मगच हात लावा, आणि जोडणी होईपर्यंत चावी फिरवू नका. नमदा गच्चीवर कडक उन्हात खडखडीत वाळवा. पत्र्यावरचा गंज ब्रशने घासून रस्ट कन्व्हर्टर, प्रायमर आणि रंग द्या. म्हणूनच हे सगळं काम दिवाळीनंतर काढावं. जुलैत नमदा वाळत नाही आणि रंगही धरत नाही.

चाकं

फिरणाऱ्या वजनाचा नियम वेगळा आहे. टायरच्या कडेला असलेला एक किलो पुढेही सरकवावा लागतो आणि गोलही फिरवावा लागतो, त्यामुळे वेग घेताना तो जवळजवळ दोन किलोंसारखा जड जातो. शिवाय चाक स्प्रिंगच्या खाली असतं. ते जितकं हलकं तितकं खड्ड्यातून लवकर सावरतं आणि रस्त्याला चिकटून राहतं.

अलॉय म्हणजे हलकं, हा समज सोडा. स्वस्तातली १६-१७ इंची अलॉय चाकं अनेकदा कंपनीच्या १४ इंची लोखंडी चाकांपेक्षा जड निघतात, वर त्यांचे टायरही जड. दुकानात हुकाचा काटा घेऊन जा आणि तोलून मगच पैसे द्या. चाकावर जेडब्ल्यूएल ही खूण आहे का बघा, ती जपानी चाचणी मानकाची आहे. कंपनीने दिलेल्या मापाचं, हलकं, खरी चाचणी झालेलं चाक मिळालं तर त्यावर खर्च करा. नाहीतर आधीच्या मालकाने बसवलेली मोठी चाकं उतरवून मूळ माप परत आणा. मी तर म्हणेन की पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर चाकं आणि टायरवरच करा.

बॅटरी, स्टेपनी, सीट

३५ एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीच्या क्षमतेचं माप) साधी बॅटरी दहा किलोंच्या आसपास भरते. लिथियम आयर्न फॉस्फेटची तिच्या निम्म्याहूनही हलकी असते आणि वजन निघतं ते थेट नाकावरून. महाग आहे, आणि जुन्या अल्टरनेटरचा व्होल्टेज तपासल्याशिवाय बसवू नये. इंजिनाची उष्णता हाही तिचा शत्रू आहे.

स्टेपनी, जॅक आणि पाना मिळून पंधरा-सोळा किलो. २०२० च्या नियमबदलाने स्टेपनीशिवाय गाडी चालते, पण त्यासाठी ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि टायरचा दाब सांगणारी यंत्रणा हवी. जुन्या गाडीत ती नसते. पावसाळ्यात खड्ड्याने टायरची बाजूची भिंत (साइडवॉल) फाटली तर किट काहीच करू शकत नाही. स्टेपनी ठेवा.

मागची सीट काढू नका. आरसीवर आसनसंख्या लिहिलेली आहे, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलांपासून ढळतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर गाडी चालवायला नेत असाल तर तिथे पोचल्यावर सीट आणि स्टेपनी काढा, परतताना बसवा. खालची गादी बहुतेक गाड्यांत क्लिपमध्ये किंवा एखाद-दुसऱ्या बोल्टवर असते, सवय झाली की वेळ लागत नाही.

काही गोष्टींवर चर्चाही नको. दारांमधले आडवे बीम, बंपरमागची पट्टी, सीटबेल्ट आणि एअरबॅग यांना हात लावायचा नाही. पत्र्याला भोकं पाडायची नाहीत. काचेच्या जागी ॲक्रेलिक बसवायचं नाही. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला तर पीयूसी लटकते आणि हवाही आपलीच बिघडते. एसीसुद्धा राहू द्या. काढला तर पंधरा-वीस किलो निघतील, पण ऑगस्टमध्ये पाम बीच रोडवर आतून धुकटलेल्या काचेने गाडी चालवणं धोक्याचं आहे.

काम झाल्यावर

टाकीत पहिल्या वेळेइतकंच पेट्रोल ठेवून पुन्हा त्याच काट्यावर जा, पुन्हा दोनदा तोला. पुढच्या चाकांवरचा टक्का आधीपेक्षा वाढला असेल तर मागून जास्त काढलं गेलं आहे, काहीतरी परत बसवा. वजन घटल्यावर गाडी किंचित वर उचलली जाते, त्यामुळे व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत तपासून घ्या. मग मोकळ्या, कोरड्या जागी कमी वेगात जोरात ब्रेक मारून गाडी सरळ थांबते का बघा. रोजच्या वापरात टाकी अर्धी ठेवली तरी सोळा-सतरा किलो वाचतात, पण पावच्या खाली जाऊ देऊ नका, कारण टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो.

निघालेला कंपनीचा कोणताही भाग भंगारात देऊ नका. नट-बोल्ट पिशवीत घालून, वर कुठले ते लिहून, त्या भागालाच बांधा आणि सगळं माळ्यावर टाका. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि त्याआधी तपासणी. तेव्हा गाडी आरसीप्रमाणे पूर्ण असावी लागते. चाकांसारखा कायमचा बदल केला असेल तर विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि त्याची पोच जपून ठेवा.