रोटाव्हेटरसकट ट्रॅक्टर रुतला तेव्हा

परतीचा पाऊस थांबून चारच दिवस झाले होते. रान वाफशावर, म्हणजे मशागतीजोग्या ओलीवर, आल्यासारखं दिसलं, म्हणून हरभऱ्यासाठी माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर घातला. आमची परभणीकडची काळी जमीन, वर पापुद्रा अन् खाली लोणी! सखल कोपऱ्यात मागचं उजवं चाक नुसतं गरगरायला लागलं आणि मी सगळे करतात तेच केलं, रेस वाढवली. बघता बघता एक्सल चिखलाला टेकला.

शेजारचे काका म्हणाले, "दोन्ही चाकांना आडवा ओंडका बांध, निघतो." ते मी ऐकलं नाही. ओंडका अडकून चाकं थांबली, तर इंजिनाच्या जोराने ट्रॅक्टरचं तोंडच वर उठतं आणि तो मागे उलटतो. टॉपलिंकला, म्हणजे मागच्या अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्याला, साखळी लावून ओढलं तरी तोच धोका.

पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा, बंद करून आधी रोटाव्हेटर सोडवला. मग फावड्याने दोन्ही चाकांमागचा चिखल काढून उतार केला. यातच तास गेला, कंबर दुखली ती वेगळीच. चरांत गोठ्यामागच्या तुराट्या दाबून भरल्या. स्टिअरिंग सरळ ठेवून मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं डिफरेंशियल लॉक दाबलं आणि सगळ्यात हळू रिव्हर्स गिअरमध्ये, रेस न देता क्लच सोडला. दोनदा घसरला, तिसऱ्यांदा आपल्याच चाकोरीतून मागे आला.

आता रानात जाण्याआधी वीतभर खालची माती मुठीत दाबून बघतो. गोळा पडल्यावर फुटला नाही, तर ट्रॅक्टर घरीच.