पहिल्यांदाच पीअर रिव्ह्यू करताय? या चुका टाळा

पीअर रिव्ह्यू म्हणजे शोधनिबंध छापण्याआधी त्याच विषयातल्या जाणकाराने, म्हणजे रेफरीने, केलेली तपासणी. नव्या रेफरीचा सगळ्यात जास्त वेळ जातो स्पेलिंग, स्वल्पविराम आणि संदर्भसूचीवर. ते काम कॉपी एडिटरचं. एडिटरला तुमच्याकडून हवं असतं ते वेगळंच: दिलेल्या पुराव्यावरून हा निष्कर्ष खरंच निघतो का? इथे मुरलेली मंडळीही कमी पडतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने स्वीकारलेल्या शोधनिबंधात मुद्दाम आठ उणिवा पेरून तो ४२० रेफरींना पाठवला होता. २२१ जणांचे अहवाल आले. सरासरी पकडल्या गेलेल्या उणिवा: दोन!

म्हणून पहिल्या वाचनात काहीच खरडू नका. दुसऱ्यांदा आधी तक्ते नि आकृत्या, मग लेखकाचं विवेचन. उलट क्रमाने वाचलं की आकडे लेखकाच्या चष्म्यातूनच दिसू लागतात. पद्धतीच्या भागात ६० रुग्ण आणि तक्त्यात बेरीज ५४? मग सहा जण गेले कुठे? उपचार सोडून गेलेलेच वगळले असतील, तर औषध उगाच गुणकारी दिसेल. रँडमाइज्ड चाचणी (कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेली) असेल तर ‘कन्सॉर्ट’ची यादी, म्हणजे अशा चाचणीच्या अहवालात काय काय हवं याची यादी, शेजारी उघडी ठेवा; लेखकाने काय लिहायचं टाळलंय, ते तिच्यामुळे चटकन सापडतं.

‘सांख्यिकी कच्ची आहे, सुधारावी’ असा शेरा मारू नका. लेखकाने त्यावर करायचं काय? त्याऐवजी लिहा: ‘तक्ता २ मध्ये तीन गटांची तुलना जोडीजोडीने टी-टेस्ट लावून केली आहे. तीन वेळा चाचणी केल्याने योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता वाढते. अनोव्हा का वापरली नाही?’ (टी-टेस्ट दोन गटांची तुलना करते, अनोव्हा सगळ्या गटांची एकदम.) जागा, अडचण, कारण, तिन्ही आलं.

आणखी एक खोड म्हणजे स्वतःचे पेपर उद्धृत करायला लावणं. निनावी रिव्ह्यूतही एकाच माणसाचे चार संदर्भ मागितले की लेखक ओळखायचं ते ओळखतो.

फॉर्ममध्ये बहुधा दोन चौकटी असतात, लेखकासाठी एक आणि फक्त एडिटरसाठी एक. लेखकाला ‘उत्तम काम’ म्हणायचं आणि एडिटरच्या कानात ‘नाकारा’ सांगायचं, हा भिडस्तपणा एडिटरलाच तोंडघशी पाडतो. नकाराचं पत्र कोणत्या आधारावर लिहायचं त्यांनी?

गोपनीयता मात्र काटेकोर पाळा. अप्रकाशित निबंध चॅटजीपीटीत टाकणं म्हणजे दुसऱ्याचं काम परस्पर बाहेर देणं. गाईडने स्वतःकडे आलेला निबंध ‘अहवाल तूच लिहून टाक’ म्हणून पुढे सरकवला असेल, तर आधी एडिटरची परवानगी घ्या आणि अहवालात तुमचंही नाव कळवा. असं दुसऱ्याने लिहिलेलं बऱ्याचदा लपवलं जातं.

वेळ नसेल तर एक-दोन दिवसांत नाही म्हणा, जमल्यास दुसरं नाव सुचवा. लेखकाने निबंध सुधारून पाठवला की दुसऱ्या फेरीत नवीन मागण्या काढत बसू नका; गंभीर चूक आधी नजरेतून सुटली असेल, तर तसं स्पष्ट लिहूनच ती मांडा.